पिक्चरमध्ये न दिसणारा भिडू

डोंगरदऱ्यांतल्या थरारक फिल्म्स घेऊन जगभर फिरणारा बॅन्फ फेस्टिव्हल. एसी हॉलमध्ये बसून कड्यावरून खाली बघायची मजा घेतली खरी, पण एक प्रश्न सोबत घरी आला. हे सगळं शूट कोण करतंय, आणि कुठे उभं राहून?

वर्किंग डेची संध्याकाळ. मुंबईतल्या एका हॉलच्या दारात ही भलीमोठी लाइन. कुणाच्या गळ्यात ऑफिसचं आयकार्ड अजून लटकतंय, कुणाच्या पाठीवर लॅपटॉपची बॅग. एक पठ्ठ्या तर चक्क ट्रेकिंगचे शूज चढवून आलाय, जणू इंटरव्हलमध्ये एखादा सुळका सर करायचाय! कुणी बॉसला ‘डेंटिस्टची अपॉइंटमेंट आहे’ म्हणून सटकलंय, कुणी कॉल अर्धवट टाकून आलंय. हिरो कोण, हिरॉइन कोण, बहुतेकांना काही पत्ता नाही. तरी हॉल फुल्ल.

दिवे गेले आणि पडद्यावर एकदम दरी उघडली. म्हणजे कड्याच्या टोकावर आपणच उभे आहोत आणि आपल्याच पायांकडे बघतोय, अशी. मागच्या रांगेतून एक ‘आई गं!’ ऐकू आलं आणि अख्खा हॉल हसला. पुढचा तासभर कुणी धबधब्यावरून कयाक घेऊन खाली झेपावत होतं, कुणी अरुंद धारेवरून सायकल दामटत होतं, कुणी नुसत्या बोटांच्या पेरांवर कातळाला चिकटून लटकलं होतं. मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की शेजारच्या काकांनी शेवटी आपला हात काढून घेतला.

माझ्या दुसऱ्या बाजूला, अगदी कडेच्या सीटवर, माझा कॉलेजपासूनचा मित्र. तिकिटं त्यानंच काढली होती. कडेची सीट त्याला लागतेच, कारण डावा पाय फार वेळ दुमडून ठेवता येत नाही. त्या पायाच्या घोट्यात एक प्लेट आणि सहा स्क्रू आहेत. ते कसे आले, ते पुढे सांगते. आधी या बॅन्फची ओळख करून घेऊ.

हे बॅन्फ आहे तरी काय?

बॅन्फ हे कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातलं, रॉकी पर्वतरांगांतलं एक छोटं गाव. चहूबाजूंनी बॅन्फ नॅशनल पार्क, १८८५ पासूनचं, कॅनडातलं सगळ्यात जुनं. इथली माणसं उन्हाळ्यात डोंगर चढतात आणि हिवाळ्यात स्की करतात. पण मधल्या काळात, म्हणजे चढाईचा सीझन संपलाय आणि पुरेसा बर्फ अजून पडलेला नाही, तेव्हा करायचं काय? गावातल्या काही गिर्यारोहकांना हाच प्रश्न पडला होता. त्यावर त्यांनी शोधलेला टाइमपास म्हणजे डोंगरांवरच्या फिल्म्स आणायच्या आणि सगळ्यांनी मिळून बघायच्या! १९७६ मध्ये हा फेस्टिव्हल सुरू झाला. बॅन्फ सेंटर ही तिथली कला संस्था त्याचं घर. ऑक्टोबरच्या शेवटी-नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे फिल्म्स, पुस्तकं आणि गप्पांचा मोठा मेळावा भरतो.

पण खरी गंमत त्यानंतर सुरू होते. फेस्टिव्हलमधल्या निवडक फिल्म्स बॅगा भरून जगाच्या टूरवर निघतात. ही वर्ल्ड टूर चाळीसच्या आसपास देशांत आणि शेकडो गावा-शहरांत पोचलेली आहे. भारतात मुंबई, पुणे, दिल्ली, बेंगळुरू अशा शहरांत ती येऊन गेलेली आहे. प्रत्येक ठिकाणचे आयोजक आपल्या प्रेक्षकांना काय झेपेल, काय रुचेल ते बघून यादीतून फिल्म्स निवडतात. म्हणून एका शहरात जे दिसलं तेच दुसऱ्या शहरात दिसेल, असं नाही. तीन मिनिटांची एखादी धमाल फिल्म, तिच्यामागे पाऊण तासाची गंभीर, मग पुन्हा हलकंफुलकं. आपल्याकडच्या थाळीसारखं, आंबट-गोड-तिखट सगळं थोडं थोडं.

बॅन्फ सगळ्यात प्रसिद्ध असला तरी सगळ्यात जुना नाही बरं का. तो मान इटलीतल्या ट्रेन्टोचा, १९५२ पासूनचा. आपल्या शेजारी काठमांडूतही २००० पासून पर्वतांवरच्या फिल्म्सचा फेस्टिव्हल सुरू झाला. आणि आपल्या घरचं सांगायचं तर मुलुंडचं गिरिमित्र संमेलन. २००२ मध्ये सुरू झालेल्या या संमेलनात डोंगरभटक्यांचे स्लाइड शो आणि फिल्म्स बघून सह्याद्रीत भटकणारी एक अख्खी पिढी मोठी झाली. तेव्हा अंधारात बसून डोंगर बघायची हौस आपल्याला काही नवी नाही.

अकरा सेकंदांची फिल्म

आता ते सहा स्क्रू.

त्या संध्याकाळच्या दोन वर्षं आधीचा जुलै. ऑफिसमधले, कॉलेजमधले, मित्रांचे मित्र असे आम्ही साठजण दोन बसमधून एका किल्ल्यावर निघालो होतो. किल्ल्याचं नाव सांगत नाही, कारण दोष किल्ल्याचा नव्हता. लीडर दोन, आणि फर्स्ट एडच्या नावाखाली एक क्रेप बँडेज. तेव्हा यात काही चुकतंय असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नव्हतं. पाऊस होता, भजी होती, अंताक्षरी होती. अजून काय पाहिजे?

माथ्याच्या जरा अलीकडे ढग एकदम बाजूला झाले. खाली हिरवीगार दरी, समोर धबधब्यांची रांग. असा सीन वर्षातून एकदा मिळतो. मी मोबाइल काढला आणि मित्राला म्हटलं, त्या खडकावर जा. तो गेला. फ्रेममध्ये धबधबा बसत नव्हता. म्हणून मी म्हटलं, अजून थोडा मागे. अजून थोडा. हां, आता हात वर कर!

त्यानं हात वर केले आणि हसत हसत शेवाळावरून पाय सुटला.

दहा-बारा फूट खाली एक कातळाचा टप्पा होता म्हणून तो वाचला. त्या टप्प्याच्या पुढे काहीच नव्हतं. घोटा दोन ठिकाणी मोडला होता. मोबाइलला रेंज नाही. लीडरपैकी एकजण धावत खालच्या वाडीत गेला आणि तासाभरानं पाच गावकऱ्यांना घेऊन आला. त्यांच्याकडे दोन बांबू, एक घोंगडी आणि दोर. बघता बघता डोली तयार झाली. भर पावसात, निसरड्या वाटेनं, साडेतीन तास त्यांनी त्याला खांद्यावरून उतरवला. मी बाजूनं छत्री धरून चालत होते. एकदा त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा मला म्हणाला, “ताई, छत्री त्याच्यावर धरा. आमाला काय नाय.” वाडीत एका मावशींनी कोरा चहा दिला. पैसे घ्यायला आधी कुणी तयारच होईना.

हॉस्पिटलमध्ये त्याच्या आईनं विचारलं, “अगं, पण पडला कसा?” मी म्हटलं, “शेवाळं होतं काकू, पाय घसरला.” स्ट्रेचरवरून तोही म्हणाला, “हो, शेवाळं होतं.”

खोटं कुणीच बोललं नव्हतं. शेवाळं होतंच.

तो व्हिडिओ अकरा सेकंदांचा आहे. त्यात त्याचं हसू आहे, मग नुसते ढग, मग माझा बूट. आणि पहिल्यापासून माझा आवाज. मी तो कुणाला दाखवला नाही. डिलीटही केला नाही. फोन बदलला तेव्हा बाकी कचऱ्याबरोबर तोही नव्या फोनमध्ये आला. पाच महिने मित्र घरी होता, फिजिओथेरपी झाली, तो पुन्हा ऑफिसला जायला लागला, आम्ही पुन्हा भेटायला लागलो. पण त्या अकरा सेकंदांविषयी आम्ही एक शब्दही बोललो नव्हतो.

इंटरव्हल

बॅन्फच्या त्या संध्याकाळी इंटरव्हलच्या आधीच्या फिल्ममध्ये एक चढणारा निसटून दोरावर लटकला. कॅमेरा हलला, आणि कॅमेऱ्यामागून एक घाबरलेला आवाज आला, ठीक आहेस ना म्हणून विचारणारा. तो माणूस पूर्ण फिल्ममध्ये एकदाही दिसला नाही. फक्त तेवढा आवाज.

दिवे लागले. आम्ही वडापाव घेऊन बाहेरच्या पायऱ्यांवर बसलो. मित्रानं डावा पाय पसरला आणि अगदी सहज, मिरचीचा तुकडा मोडता मोडता विचारलं,

“तो व्हिडिओ आहे ना गं अजून तुझ्याकडे?”

माझा घास घशातच अडकला. आहे, म्हटलं.

“दाखव.”

दोन वर्षांत पहिल्यांदा आम्ही तो एकत्र पाहिला. त्यानं तीनदा पाहिला. मग मोबाइल परत देत म्हणाला, “तुला काय वाटतं, तू म्हणालीस म्हणून मी मागे गेलो? मला व्हिडिओ चांगला यायला हवा होता, म्हणून गेलो. मागे न बघता गेलो ही माझी अक्कल. पण तू पण बघत होतीस ना, माझ्या मागे काय आहे ते?”

“मी स्क्रीनकडे बघत होते,” मी म्हटलं.

हे वाक्य बोलताना मला स्वतःलाच पहिल्यांदा कळलं की तेच झालं होतं. दरी माझ्या डोळ्यांसमोर होती. पण मी दरी बघतच नव्हते, मी बघत होते फ्रेम. धबधबा बसला की नाही, एवढंच.

घंटा झाली. आम्ही आत गेलो. इंटरव्हलनंतरच्या फिल्म्स मी वेगळ्याच नजरेनं बघितल्या. चढणाऱ्यापेक्षा माझं सगळं लक्ष, तो शूट करणारा आत्ता कुठे असेल, याकडे!

फोटो काढणारा फोटोत नसतो

पुढचा महिनाभर मी या फिल्म्सचा अक्षरशः फडशा पाडला. जुन्या, नव्या, मिळतील त्या. आणि लक्षात आलं की डोंगर आणि कॅमेरा यांचं लफडं फार जुनं आहे.

१९२४ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत कॅप्टन जॉन नोएल मूव्ही कॅमेरा घेऊन गेले होते. मॅलरी आणि अर्विन वर गेले ते परतलेच नाहीत. वरच्या कॅम्पवरच्या साथीदारांनी बर्फावर ब्लँकेटं क्रॉससारखी मांडून खाली खूण केली. अर्थ एकच, आशा संपली. लांब पल्ल्याच्या लेन्समधून ती खूण बघणाऱ्यांत नोएल होते. त्यांच्या ‘दि एपिक ऑफ एव्हरेस्ट’ या फिल्मचा शेवट या मृत्यूंच्या सावलीतच होतो. मदत करावी म्हटलं तर मध्ये अख्खा डोंगर. त्यांच्या हातात होता तो फक्त कॅमेरा.

आणि १९५३ चा तो जगप्रसिद्ध फोटो आठवा. एव्हरेस्टचा माथा, झेंडे लावलेली आइस ॲक्स उंचावलेले तेनसिंग नोर्गे. आता सांगा, त्याच माथ्यावरचा एडमंड हिलरींचा फोटो कधी पाहिलाय? नाही पाहिला, कारण तो नाहीच! कॅमेरा हिलरींच्या हातात होता. फोटो काढणारा फोटोत नसतो, हा नियम जगाच्या टोकावरही चुकला नाही.

आता जरा आपल्या देशात या. उत्तराखंडात, गंगोत्रीच्या वर, मेरू नावाचं शिखर आहे, सहा हजार मीटरहून उंच. त्याची ‘शार्क्स फिन’ ही उभी धार कित्येक मोहिमांना पुरून उरली होती. २००८ मध्ये कॉनराड अँकर, जिमी चिन आणि रेनन ओझटर्क हे तिघं तिच्यावर चढले. शिधा साधारण आठवड्याचा. मध्येच वादळ आलं. तरी कड्यावर टांगलेल्या तंबूत, मोजून-मापून खात, ते जवळपास तीन आठवडे टिकले. माथा उरला फक्त शंभर मीटर. आणि ते मागे फिरले. शंभर मीटर म्हणजे आपल्या लोकल ट्रेनच्या निम्म्यापेक्षाही कमी लांबी! २०११ मध्ये हेच तिघं परत आले आणि माथा गाठला. २०१५ ची ‘मेरू’ ही फिल्म या दोन्ही प्रयत्नांची आहे. तिच्यातलं कड्यावरचं शूटिंग कुणी केलं? चिन आणि ओझटर्क यांनीच. म्हणजे चढणारेही तेच आणि कॅमेरामनही तेच.

मला या फिल्ममध्ये सगळ्यात आवडलं ते २०११ चं यश नाही, तर २००८ मधलं मागे फिरणं. आपल्याकडे ‘सर केला’ याचा सत्कार होतो, हारतुरे होतात. ‘परत फिरलो’ याचा कुणी कधी सत्कार केलाय? आणि २००८ मध्ये ते परत फिरले नसते, तर २०११ उजाडलं असतं का?

कॅमेरा असला की...

‘फ्री सोलो’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ३ जून २०१७ रोजी अ‍ॅलेक्स होनॉल्ड अमेरिकेतल्या योसेमिटीमधला एल कॅपिटान हा सुमारे ९०० मीटरचा कडा दोराशिवाय चढला, ३ तास ५६ मिनिटांत. फिल्मला २०१९ मध्ये ऑस्कर मिळालं. पण फिल्म पुन्हा बघाल तेव्हा अ‍ॅलेक्सकडे बघू नका, त्याला शूट करणाऱ्यांकडे बघा. दिग्दर्शक पुन्हा जिमी चिनच, सोबत एलिझाबेथ चाय वासरहेली. सगळे कॅमेरामन स्वतः कसलेले क्लाइंबर आणि अ‍ॅलेक्सचे मित्र. त्यांना एकच धास्ती, की आपल्यामुळे याचं लक्ष विचलित झालं तर? म्हणून सगळ्यात अवघड टप्प्यावर माणूस न ठेवता दुरून चालणारे कॅमेरे लावले. आणि खाली जमिनीवर मोठी लेन्स लावून बसलेला कॅमेरामन तर त्या क्षणी चक्क तोंड फिरवून उभा राहतो. त्याला बघवत नाही! जे बघण्यासाठी आपण तिकीट काढतो, ते शूट करणाऱ्यालाच बघवत नाही, यातच सगळं आलं.

आणखी एक गोष्ट. २०१६ च्या शरद ऋतूत अ‍ॅलेक्सनं एक प्रयत्न सुरू करून अर्ध्यावर सोडला होता. टीम तयार, कॅमेरे तयार, आणि तरी तो नाही म्हणाला. उद्या क्लायंटसमोर प्रेझेंटेशनच्या मध्येच ‘आज नाही जमत’ असं म्हणायची आपल्यापैकी किती जणांची हिंमत आहे?

कॅनडाचा मार्क-आन्द्रे लेक्लेर्क आणखी पुढचा. ‘दि अल्पिनिस्ट’ (२०२१) ही त्याच्यावरची फिल्म. शूटिंग चालू असतानाच हा पोरगा फिल्मवाल्यांना न सांगता गायब झाला आणि एकटाच माउंट रॉबसन चढून आला. कारण विचारलं तर उत्तर एकदम साधं, की बघायला दुसरं कुणी असलं तर ती एकट्याची चढाई उरतच नाही. फिल्मवाले कपाळाला हात लावून बसले असतील! पण कॅमेरा आला की डोंगर बदलतो, हे त्याच्याइतकं स्वच्छ कुणी सांगितलं नसेल. तो मार्च २०१८ मध्ये अलास्कात, दुसऱ्या एका चढाईवरून परतताना गेला. २५ वर्षांचा होता.

आणि मग ‘कोल्ड’. जेमतेम वीस मिनिटांची फिल्म. २०११ चं बॅन्फचं सर्वोच्च पारितोषिक तिला मिळालं. त्याच वर्षी २ फेब्रुवारीला कोरी रिचर्ड्स, सिमोन मोरो आणि डेनिस उरुब्को यांनी पाकिस्तानातल्या काराकोरममधलं गाशरब्रुम-२ हे आठ हजार मीटरवरचं शिखर भर हिवाळ्यात पहिल्यांदा सर केलं. उतरताना हिमलोट आला आणि तिघंही त्यात सापडले. बाहेर निघाल्यावर कोरीनं कॅमेरा स्वतःच्या चेहऱ्यावर रोखला. बर्फानं माखलेला, रडणारा चेहरा. पुढे तो फोटो नॅशनल जिऑग्राफिकच्या कव्हरवर आला, जगभर गाजला. पण गोष्ट तिथे संपली नाही. त्या हिमलोटानं मनावर काय केलं, हे कोरीनं नंतर स्वतःच मोकळेपणानं सांगितलं. २०२१ मध्ये धौलागिरीच्या मोहिमेतून मानसिक त्रासामुळे तो मध्येच परतला आणि त्यानं व्यावसायिक गिर्यारोहण सोडलं. वीस मिनिटांची फिल्म बघून आपण टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. तो मात्र पुढची दहा वर्षं त्या बर्फातून बाहेर येत होता.

ओझं कुणाच्या खांद्यावर?

एक फिल्म मात्र मी एका बैठकीत पूर्ण करू शकले नाही. जेनिफर पीडम यांची ‘शेर्पा’ (२०१५). ही टीम एव्हरेस्टवर शेर्पांच्या नजरेतून मोहीम शूट करायला गेली होती. १८ एप्रिल २०१४ ला खुंबू आइसफॉलमध्ये बर्फाचा कडा कोसळला आणि मोहिमांसाठी राबणारी १६ माणसं गेली. ज्यांचे तंबू, ऑक्सिजन, शिधा घेऊन ती त्या धोकादायक वाटेनं ये-जा करत होती, ते क्लायंट तेव्हा खाली बेस कॅम्पवर होते.

फिल्म मध्येच थांबवून मी मोबाइल काढला आणि त्या जुलैच्या ट्रेकचा फोल्डर उघडला. दोनशे चौदा फोटो. भजी आहेत, धबधबे आहेत, बसमधली अंताक्षरी आहे. साठच्या साठ चेहरे सापडतील. डोली वाहणाऱ्या त्या पाचजणांपैकी एकाचाही फोटो नाही. त्या वेळी फोटो काढायचं सुचलं नाही हे ठीकच. पण मी त्यांची नावंही विचारली नव्हती.

पावसाळा संपल्यावर मित्र आणि मी त्या वाडीत जाऊन आलो. मिठाईचा पुडा आणि दोन नव्या घोंगड्या घेऊन. म्हाताऱ्या बाबांनी आधी मित्राचा घोटा दाबून बघितला आणि मग म्हणाले, “बरा जुळलाय की!” मावशींनी पुन्हा कोरा चहा दिला. या वेळी मी सगळ्यांची नावं लिहून घेतली. फोटोही काढला. पण तो त्यांच्या अंगणात, पायरीवर बसून.

पहाटे पाचचा शो

मित्र आता एका लहानशा ट्रेक ग्रुपबरोबर जातो. वीसच माणसं, सोबत पुरेसे दोर, नीट फर्स्ट एड, आणि गावातला एक वाटाड्या. पुढच्या पावसाळ्यात त्यानं मला बोलावलं आणि निघायच्या आदल्या दिवशी फोन केला. “तो व्हिडिओ बसमध्ये दाखवू या. मी आहे त्यात, मला चालेल. पण आवाज तुझा आहे. तू सांग.”

मी रात्रभर विचार केला. खरं सांगायचं तर आवाज म्यूट करून दाखवावा, असंही मनात येऊन गेलं. शेवाळं तसंही दिसतंच की.

पहाटे पाच वाजता, चहाच्या टपरीवर बस थांबलेली असताना, मोबाइल हातोहात फिरला. आवाजासकट. अजून थोडा मागे. अजून थोडा. हां, आता हात वर कर. वीसजणांनी अकरा सेकंद बघितलं. कुणी काही बोलेना. मग मागच्या सीटवरून एका मुलीनं विचारलं, “हा आवाज कुणाचा?”

“माझा,” मी म्हटलं.

मित्रानं पँट वर करून टाक्यांची खूण दाखवली. कुणीतरी विचारलं, स्क्रू एअरपोर्टवर वाजतात का? बस हसली आणि निघाली.

वर पोचल्यावर सगळ्यांनी फोटो काढलेच. मीही काढले, न काढून सांगते कुणाला! एवढा सुंदर कडा समोर असताना हात मोबाइलकडे जाणारच. पण त्या दिवसापासून आमच्या ग्रुपचा एक नियम झालाय. कड्याजवळ फोटो काढायचा तर बसून. आणि फोटो काढणाऱ्यानं आधी मोबाइल खाली घ्यायचा, समोरच्याच्या मागे काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मगच स्क्रीनकडे बघायचं.

नियम बावळट वाटतो. फोटो जरा बुटके येतात. आम्हाला चालतात.

फेस्टिव्हलला जाताय?

- टूर तुमच्या शहरात आली की तिकिटं आधीच काढा. ऐनवेळी लाइनीत उभं राहून हिरमोड होतो.
- एका शोमध्ये लहान-मोठ्या अनेक फिल्म्स असतात. पहिली चुकवू नका, उशिरा पोचलात तर अंधारात लोकांचे पाय तुडवावे लागतात.
- ‘मला ट्रेकिंगमधलं काही कळत नाही’ ही सबब चालणार नाही. क्लाइंबिंगबरोबर नदी, बर्फ, सायकल, प्राणी, डोंगरातली माणसं असं सगळंच असतं.
- फिल्म बघून लगेच पुढच्या वीकेण्डला कड्यावर लटकायला जाऊ नका! पडद्यावरच्या पाच मिनिटांमागे कित्येक वर्षांचा सराव असतो. शिकायचंच असेल तर आधी रीतसर बेसिक कोर्स करा.
- आणि एकदा तरी, थरारक सीन चालू असताना, स्वतःला विचारा, कॅमेरा कुठे आहे? पिक्चर दुप्पट इंटरेस्टिंग होतो.